जर्मन भूसुरुंग ओळखायचा कसा? आधी आकार, मग भोकं, शेवटी फ्यूज

दुसऱ्या महायुद्धाचा नाद लागलेल्या माणसाच्या फोनवर असा एखादा फोटो कधी ना कधी येतोच. कुणी नॉर्मंडीला फिरायला गेलेलं असतं, कुणी नोकरीनिमित्त जर्मनीत असतं आणि रविवारी जंगलात भटकताना काहीतरी दिसलेलं असतं. फोटोत गंजलेली गोल थाळी आणि शेजारी बुटाचं टोक. खाली प्रश्न: "ही टेलरमाइनच ना?" (टेलरमाइन म्हणजे रणगाड्यासाठी पेरायचा ताटलीसारखा जर्मन भूसुरुंग.) तोवर ग्रुपवर चार जणांनी अंगठे दाखवून मोकळं झालेलं असतं. माझं पहिलं उत्तर ठरलेलं: बूट तिथे काय करतोय?

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो. जर्मन सैन्याने १९२९ ते १९४५ या काळात वापरलेले भूसुरुंग आणि त्यांचे फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या कळा, नुसत्या डोळ्यांनी कसे ओळखायचे, म्हणजे संग्रहालयाच्या काचेआडून, जुन्या छायाचित्रावरून किंवा दुरून काढलेल्या फोटोवरून, एवढाच त्याचा विषय आहे. खाली एकही पायरी अशी नाही की जिच्यासाठी वस्तूला हात लावावा लागेल, माती झटकावी लागेल किंवा ती उलटी करून बघावी लागेल. अमुक खूण तळाला असते असं मी लिहिलं, तर त्याचा अर्थ एवढाच की ती दिसत नसेल तर त्या रकान्यात "दिसत नाही" असं लिहायचं.

आणि "ऐंशी वर्षं झाली, आता काय उडणार" हा युक्तिवाद कुणी करू नये. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सुरुंग काढायला १९४५ मध्येच जर्मन युद्धकैद्यांना जुंपलं होतं; तरी तिथला स्कालिंगेनचा भाग पूर्ण साफ झाला तो २०१२ मध्ये. स्फोटक दारू म्हातारी झाली म्हणून मवाळ होत नाही. उलट फ्यूजमधल्या तारा आणि पिना गंजून बारीक होतात, आणि जे काम करायला पूर्वी रणगाडा लागायचा त्याला पुढे किती कमी भार पुरेल हे कुणालाच सांगता येत नाही.

पहिली पायरी: माप

नावाकडे नंतर जाऊ, आधी वस्तू केवढी आहे ते ठरवा. फोटोत मापाला काहीतरी सापडतंच: गवताची पाती, पाइनचं बोंड, संग्रहालयातली माहितीची पाटी. (बूट असेल तर तोही, पण तो शेवटचाच असू दे.)

पोळीच्या मोठ्या तव्याएवढं, म्हणजे तीसेक सेंटीमीटर व्यासाचं असेल तर ते बहुधा रणगाड्यासाठी आहे. आंब्याच्या पेटीएवढा लाकडी खोका असेल तरीही तेच. पाण्याच्या तांब्याएवढा पत्र्याचा डबा किंवा तळहातावर मावेल अशी लाकडी पेटी असेल तर ती माणसासाठी. या एका फरकावर निम्मी यादी गळते. दोन्हींच्या मधलं फारसं काही नसतं. अपवाद रीगलमाइन ४३ चा: सुमारे ८० सेंटीमीटर लांबीची पट्टीसारखी लोखंडी पेटी. ती कुणालाच सुरुंग वाटत नाही, कुणी तिला गटाराचं झाकण समजतं तर कुणी रेल्वेचा तुकडा. माझ्या मते संपूर्ण जर्मन मालिकेत सगळ्यात वाईट म्हातारपण हिचंच, कारण हिच्या आतल्या तारा गंजतात.

दुसरी पायरी: कशापासून बनलाय?

या पायरीवर लोक घाई करतात, आणि खरी मजा इथेच आहे. सुरुंग कशाचा बनलाय यावरून त्याचं साल अंदाजे सांगता येतं.

युद्धाच्या सुरुवातीचे जर्मन सुरुंग पोलादाचे होते. जमिनीत बंदुकीची संगीन तिरकी खुपसत ते शोधायचे आणि बाकी भिस्त डोळ्यांवर. मेटेम्मा हे ठाणं पडल्यावर, ३१ जानेवारी १९४१ च्या रात्रीपासून सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत यांनी ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) वाटेवर माघार घेणाऱ्या इटालियन फौजेने पेरलेली १५ सुरुंगक्षेत्रं मोकळी केली, ती अशीच. चार दिवस, ५५ मैल, दोनदा स्वतःची गाडी सुरुंगावर गेली, एका कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी बदली माणूस घ्यायला नकार दिला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या पलटणीशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. याच पलटणीचे कारवारचे राम राघोबा राणे, एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्ता खुला करून परमवीरचक्र मिळवणारे. पण ते सुरुंग वेगळे, तो विषय वेगळा.

मग पोलिश अभियंता युझेफ कोसाट्स्की याने हातात धरून चालवायचा शोधक तयार केला. ऑक्टोबर १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईत असे सुमारे ५०० शोधक ब्रिटिश बाजूकडे होते. समोर जर्मन सेनापती रोमेलच्या 'सैतानाच्या बागा' होत्या, साडेचार लाखांच्या घरात सुरुंग पेरलेल्या. शोधकाला लोखंड कळतं, हे एकदा समजल्यावर जर्मनांनी लोखंड कमी करायला घेतलं. शिवाय पोलादाचा तुटवडा होताच. म्हणून लाकडी शू-माइन ४२, लाकडी होल्त्समाइन ४२, काचेची ग्लासमाइन ४३, आणि शेवटी लाकडाचा लगदा व पुठ्ठा दाबून, डांबर फासून केलेली टॉपमाइन, जिच्यात धातू जवळपास नाहीच, फ्यूजसुद्धा काचेचा.

टॉपमाइनचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. असा सुरुंग पेरणाऱ्यालाच परत सापडायचा कसा? जर्मनांनी तिच्यावर 'टार्नझांड' नावाची किंचित किरणोत्सारी वाळू फासली आणि ती हुडकायला 'श्टुटगार्ट ४३' हे वेगळं यंत्र केलं. १९४४ मधली ही शक्कल! संग्रहालयात टॉपमाइन दिसली तर तिचा काळा खरबरीत पृष्ठभाग नीट बघा, तो उगाच तसा नाही.

थोडक्यात: पोलाद दिसलं म्हणून साल ठरत नाही, कारण पोलादी टेलरमाइन शेवटपर्यंत बनत होत्या. पण लाकूड, काच किंवा लगदा दिसला तर बहुतेक वेळा १९४२ किंवा त्यानंतरचा काळ धरा.

तिसरी पायरी: अंगाची ठेवण

आता नाव. 'टेलर' म्हणजे जर्मनमध्ये ताटली. ताटल्या चार प्रकारच्या, आणि गोंधळ इथेच होतो.

टेलरमाइन २९ सगळ्यात जुनी आणि लहान, सुमारे २५ सेंटीमीटर. वरच्या तोंडावर फ्यूजसाठी तीन जागा. प्रत्यक्षात क्वचित दिसते.

टेलरमाइन ३५ मोठी, ३२ सेंटीमीटरच्या आसपास, एकूण वजन सुमारे नऊ किलो, त्यातली साडेपाच किलो दारू. हिची ओळख झाकणावरून: दाब घेणारं झाकण जवळपास सगळं तोंड व्यापतं, मधे थोडं फुगीर, अगदी मध्यभागी फ्यूजचं पितळी डोकं. याच मालिकेतली 'पोलादी' आवृत्ती आहे, कागदांवर ३५ च्या पुढे 'श्ट' लिहिलेली. तिच्या झाकणावर कंगोरे असतात. गुळगुळीत झाकण आणि कंगोऱ्याचं झाकण यातला फरक लक्षात ठेवला की ३५ चा घोळ मिटतो.

टेलरमाइन ४२ मध्ये दाबाचं झाकण लहान होऊन मध्यावर आलं. ताटलीत वाटी ठेवल्यासारखी दिसते.

टेलरमाइन ४३ ला जर्मन 'पिल्त्स' म्हणजे अळंबी म्हणायचे, आणि ते रास्त आहे. वरचं झाकण छत्रीसारखं बाहेर येतं. बाजूने काढलेला फोटो असेल तर ४२ आणि ४३ यात गल्लत होत नाही. वरून काढलेला असेल तर होते. अशा वेळी मी "४२ किंवा ४३" एवढंच लिहितो, आणि तेवढं लिहिल्याने कुणाचीही इभ्रत जात नाही.

माणसांसाठीच्या सुरुंगांत सगळ्यांना माहीत असलेला म्हणजे एस-माइन. फ्रेंच सैनिकांनी तो सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीच्या सार भागातल्या चढाईत पहिल्यांदा अनुभवला आणि त्याला 'मूक सैनिक' म्हटलं. सुमारे १० सेंटीमीटर व्यासाचा, १३ सेंटीमीटर उंचीचा पोलादी डबा, आत सुमारे ३६० पोलादी गोळ्या. हा जमिनीतून उडी मारून हवेत फुटायचा. एस-माइन ३५ आणि ४४ यांचा फरक झाकण वरून दिसलं तर एका नजरेत कळतो: ३५ मध्ये फ्यूज बसवायची नळी झाकणाच्या बरोबर मध्यावर, ४४ मध्ये ती एका कडेला सरकलेली. गंजून फ्यूज गळून पडलेला असला तरी नळीची जागा बदलत नाही. म्हणूनच मी फ्यूजआधी अंग बघा म्हणतो.

शू-माइन ४२ ही छोटी लाकडी पेटी, बिजागरीचं झाकण, पुढच्या बाजूला भोक आणि त्यातून डोकावणारा फ्यूज. आत २०० ग्रॅम दारूचा ठोकळा. 'शू' हे बुटावरून नाही, 'शुत्से' म्हणजे पायदळातल्या बंदूकधाऱ्यावरून आलंय. हे सांगितलं की लोक हिरमुसतात, पण काय करणार. हिची जुळी बहीण शोभेल अशी सोव्हिएत पेटी म्हणजे पीएमडी-६. ईस्टर्न फ्रंटच्या फोटोत नुसती पेटी बघून "जर्मन" म्हणू नका. पेटी कुसून गेलेली असते, आणि मातीत उरतो तो दारूचा पिवळसर ठोकळा, साबणाच्या वडीसारखा. साबण समजून तो उचलणाऱ्याला ते परवडणार नाही.

ग्लासमाइन म्हणजे जाड काचेचा वाडगा आणि वर काचेचं झाकण. लोणच्याच्या बुटक्या बरणीची आठवण येते. श्टॉकमाइन ४३ म्हणजे काँक्रीटचा दंडगोल, त्यात लोखंडाचे तुकडे कालवलेले, लाकडी खुंटीवर खोचलेला. दोन्ही चटकन कळतात, जास्त बोलायला नको.

चौथी पायरी: भोकं मोजा

बरेच संग्राहक ही पायरी वगळतात. टेलरमाइनला मधल्या मुख्य फ्यूजखेरीज बाजूला आणि तळाला जादा फ्यूजच्या जागा असतात. त्या कशासाठी? सुरुंग उचलणाऱ्यासाठी. वरचा फ्यूज रणगाड्याची वाट बघतो, खालचा सॅपरची.

फोटोवरून ओळखताना बाजूचं भोक दिसतंय का, त्यात आटे किंवा बूच दिसतंय का, तिथून तार गेलीय का, हे टिपून ठेवा. बाजूला कडी किंवा मूठ असते ती वाहून न्यायची, तिला फ्यूज समजू नका. तळ कधीच दिसत नाही, आणि तो दिसावा म्हणून काही करायचंही नाही. जमिनीत असलेल्या टेलरमाइनच्या नोंदीत "तळाचा फ्यूज: माहीत नाही" हा रकाना रिकामा ठेवता येत नाही, तो तसाच लिहायचा.

पाचवी पायरी: फ्यूज, आणि जर्मन अक्षरांची गंमत

जर्मन फ्यूजची नावं भीतीदायक वाटतात, पण ती खरं तर रेल्वेच्या फलाटावरच्या पाटीइतकी सरळ आहेत. 'त्स्युंडर' म्हणजे फ्यूज. नावात तो झेड अक्षराने येतो. त्याच्या आधीची अक्षरं तो कशाने पेटतो ते सांगतात. मागचा आकडा साल.

डी झेड म्हणजे 'ड्रुकत्स्युंडर', दाबाचा. डोक्यावर गोल चकती असलेली बुटकी नळी. डी झेड ३५ च्या ए आणि बी अशा दोन आवृत्त्या आहेत.

झेड झेड म्हणजे 'त्सुगत्स्युंडर', ओढण्याचा. पहिला झेड ओढण्याचा, दुसरा फ्यूजचा. झेड झेड ३५ पितळेचा सडपातळ, टोकाला तार अडकवायला जागा. झेड झेड ४२ आखूड, डोक्यातून आडवी पिन, कधी बेकेलाइटचा, कधी पत्र्याचा. शू-माइनमधून डोकावतो तो हाच. युद्धाची गरिबी फ्यूजवर कशी उतरत गेली ते या दोघांना शेजारी ठेवलं की दिसतं: पितळ जाऊन प्लास्टिक आलं.

झेड यू झेड झेड ३५ मध्ये 'ओढणे' आणि 'तोडणे' दोन्ही. दिसायला झेड झेड ३५ सारखा पण लांब. ताणलेली तार ओढली तरी तो चालतो आणि कापली तरी. सिनेमात नायक तार कापून सुटकेचा निःश्वास टाकतो, तेव्हा मला हा फ्यूज आठवतो.

ई झेड म्हणजे 'एंटलास्टुंग', वरचं ओझं निघण्याचा. हा वस्तूच्या खाली लपतो, म्हणून फोटोत दिसायची शक्यता शून्याजवळ. त्याचं नाव माहीत असावं ते एवढ्यासाठी की तो न दिसणं म्हणजे नसणं नव्हे.

याखेरीज ठरावीक सुरुंगांचे खास फ्यूज. एस एमआय झेड ३५ म्हणजे एस-माइनच्या डोक्यावरचे तीन काटे, मातीतून वर आलेल्या मुंगीच्या मिशांसारखे. एस-माइनवर इंग्रजी वाय आकाराचा जोड दिसला आणि त्याला दोन नळ्या लागलेल्या असतील, तर ते दोन ओढीचे फ्यूज, तारांसाठी.

टी एमआय झेड ३५ म्हणजे टेलरमाइन ३५ चा पितळी फ्यूज. याच्या डोक्यावर स्क्रू आणि खुणा असतात: पांढऱ्याजवळ 'झिखर' म्हणजे सुरक्षित, लालजवळ 'शार्फ' म्हणजे सज्ज. संग्रहालयात ही खूण वाचायला छान वाटतं. जमिनीतल्या वस्तूवर तिचा अर्थ शून्य: रंग उडतो, डोकं अडकतं, आणि खालच्या फ्यूजला वरच्या स्क्रूशी देणंघेणं नसतं.

टी एमआय झेड ४२ आणि ४३ हे दोघं झाकणाखाली दडतात आणि बाहेरून सारखेच. फरक जीवघेणा आहे: ४३ हा बसवल्यावर काढू पाहणाऱ्यालाच उडवण्यासाठी केलेला होता. तेव्हा बंद झाकणाच्या टेलरमाइनचा फोटो बघून "यात ४२ आहे" असं ठामपणे म्हणणारा माणूस भेटला, तर त्याची बाकीची मतंही जरा जपून घ्या.

सहावी पायरी: शिक्के आणि रंग

शिक्के मिळाले तर सोनं. तीन लहान अक्षरांचा कारखान्याचा संकेत, शेजारी दोन आकडी साल, कधी गरुडाखाली तपासनिसाचा क्रमांक. 'यूब' अशी अक्षरं दिसली तर ते 'युबुंग', म्हणजे सरावाचं. पण सरावाची अक्षरं बघून निर्धास्त होऊ नका. सरावाच्या सुरुंगांतही धुराचे, आवाजाचे भाग असायचे, आणि अक्षरं रंगवायला डबाभर रंग पुरतो.

रंगावर मी फार विसंबत नाही. करडा, गडद हिरवा, आफ्रिकेत वाळूचा पिवळट. हे ठीक, पण ऐंशी वर्षांत मातीच रंग ठरवते.

सातवी पायरी: फसवणारे प्रकार

एक: मिसळ. एल अलामीनच्या 'बागांत' जर्मन सुरुंगांबरोबर हस्तगत केलेले ब्रिटिश सुरुंगही होते. जागा जर्मन म्हणून वस्तू जर्मन होत नाही.

दोन: नकला. सिनेमासाठी आणि बाजारासाठी टेलरमाइन, एस-माइन आजही बनतात. सगळीकडे एकसारखा ताजा गंज, शिक्का कुठेच नाही, सांध्यावर आधुनिक वेल्डिंग, अशी लक्षणं असतात. पण "नक्कल वाटते" हा निष्कर्ष विकत घेण्यासाठी वापरा, हात लावण्यासाठी नव्हे. आणि भारतात असल्या वस्तू मागवायच्या भानगडीत पडूच नका. १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा आणि १९५९ चा शस्त्र कायदा संग्राहकाचा उत्साह विचारात घेत नाहीत.

तीन: स्वतःचं मन. टेलरमाइन बघायची इच्छा असली की चाकाची टोपीसुद्धा टेलरमाइन दिसते. म्हणून शंका आली की अमेरिकी लष्कराची १९५३ ची टीएम ९-१९८५-२ ही पुस्तिका उघडावी. जर्मन बॉम्ब, सुरुंग आणि फ्यूज यांची चित्रं तीत मापांसकट आहेत आणि ती इंटरनेटवर मोकळी मिळते. मापाशी जुळवा, आठवणीशी नको.

नोंद कशी लिहायची

त्या बुटाच्या फोटोचीच नोंद बघा. "माप: बुटाच्या मानाने सुमारे ३० सेंमी. पदार्थ: पोलाद. अंग: मध्यावर लहान गोल झाकण, वरून काढलेला फोटो, त्यामुळे टेलरमाइन ४२ किंवा ४३. बाजूचं भोक: गवताआड. तळ: माहीत नाही. मुख्य फ्यूज: झाकणाखाली, ४२ की ४३ ठरवता येत नाही. शिक्का: नाही. स्थिती: भरलेला आणि सज्ज, असं धरावं." शेवटचं वाक्य प्रत्येक नोंदीत तसंच्या तसं येतं.

फोटो पाठवणाऱ्याला त्याआधी पाठवायचा मजकूर वेगळा, आणि तो मी फोनमध्ये तयारच ठेवलाय: जिथे उभा आहेस तिथून, आलास त्याच पावलांनी मागे ये. काही उचलू नकोस, काही रोवू नकोस. वाट लक्षात राहील अशी खूण मागे रस्त्यावर कर. जर्मनीत ११० ला फोन कर, युरोपात कुठेही ११२. ते कांप्फमिटेलरॉयमडीन्स्ट, म्हणजे तिथल्या दारूगोळा काढणाऱ्या पथकाला बोलावतील. भारतात असं काही दिसलं तरी नंबर ११२ च, आणि पुढे बॉम्ब शोधक व नाशक पथक. फोनवर सुरुंगाचं नाव सांगायची घाई करू नकोस. केवढा आहे, कशाचा दिसतो, तार दिसते का आणि तू किती लांब आहेस, एवढं सांग. नाव ते ठरवतील.